विनोदातला मनू

विनोदाचं एक बरं असतं. त्याला जाब विचारला की विचारणाराच येडा ठरतो. 'अहो, गंमत आहे ती, तुम्हाला हसता येत नाही काय?' एवढं म्हटलं की संपलं. आपल्या लोकांना हे नवीन नाही. पाटलाच्या ओसरीखाली उभं करून आपल्या आज्या-पणज्याची नक्कल त्याच्याच समोर व्हायची, आणि त्यानंही हसायचं असा रिवाज होता. जो हसला नाही तो माजला. म्हणून 'विनोद विनोदासारखा घ्या' असं कुणी बोललं की मी आधी बघतो, बोलणारा ओसरीवर बसलाय की ओसरीखाली उभा आहे.

आज टीव्हीवर, मोबाईलवर, गावच्या पूजेच्या आर्केस्ट्रात एक ठरलेली वरात निघते. 'शाब जी' करणारा नेपाळी गुरखा. पानाची पिचकारी मारणारा भैया. 'अय्यो' करत मुंडी हलवणारा मद्रासी. आता मद्रासी म्हणजे कुठला? मद्रास राज्याचं तमिळनाडू १९६९ साली झालं, मद्रास शहराचं चेन्नई १९९६ साली झालं, पण विनोदवाल्याला अजून पत्र पोचलेलं नाही. केरळचा, आंध्राचा, मंगळूरचा, सगळे एकाच लुंगीत.

यावर चर्चा होते ती अशी की हा विनोद अति होतो का. कुणी म्हणतं शिव्या नसल्या की चालतो. कुणी म्हणतं मनात द्वेष नसला की चालतो. मला ही मापं पटत नाहीत. द्वेष नसताना, अगदी प्रेमानं, हजारो वर्षं आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलंच की. मी वेगळं बघतो. हा विनोद माणसाचं काम उचलतो, पोटासाठी नाइलाजानं धरलेलं काम, आणि सांगतो की हा त्याच्या देशाचा गुण आहे, त्याच्या हाडातच आहे. हा धंदा कुणाचा ते आपल्याला माहीत आहे. मेलेलं ढोर ओढायला लावायचं आणि मग म्हणायचं, ढोर ओढणं ही याची जात.

'घाटी' शब्द घ्या. कर्जत-खालापूरच्या माणसाइतका हा शब्द कुणाला कळणार? खोपोलीत उभं राहिलं की बोरघाट समोर दिसतो. घाटी म्हणजे घाटावरचा, लोणावळ्याच्या पलीकडचा. खाली राहतो तो कोकणी. साधा भूगोल. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. वरचे आणि खालचे दोघंही पोटामागं मुंबईला गेले, आणि तिथं शब्दाची दशा बघा. शेठच्या, साहेबाच्या, हिंदी बोलणाऱ्याच्या तोंडी घाटी म्हणजे मराठी बोलणारा हमाल, झाडूवाला, भांडीवाली. जन्मात घाट न चढलेला गुहागरचा माणूससुद्धा घाटी. पण मराठी बोलणारा डॉक्टर किंवा वकील? त्याला सहसा कुणी घाटी म्हणत नाही. घाटी हा मुलूख राहिला नाही, हुद्दा झाला.

तसाच 'रामा'. रत्नागिरीकडचा माणूस मुंबईत घरकामाला राहिला की तो रामा. नाव गणपत असो नाहीतर सखाराम, शेठाणीनं हाक मारायची ती रामा. हिंदी सिनेमानं हेच पुढं चालवलं. मराठी बाई दाखवायची तर मोलकरीण, मराठी बाप्या दाखवायचा तर हवालदार. यावर आपला मध्यमवर्गीय मराठी माणूस चिडतो, पेपरात पत्र पाठवतो. चिडणं बरोबरच आहे. पण तोच गृहस्थ संध्याकाळी सोसायटीच्या गेटवर 'ए बहादूर' अशी हाक मारतो. बहादूरचं खरं नाव त्यानं विचारलेलं नसतं.

आणि लांब कशाला, आपल्या डोंगराकडं बघा. खैराच्या लाकडातून कात काढणारे म्हणून कातकरी. काम संपलं, जंगलावर सरकारी कुलूप पडलं, माणूस वीटभट्टीवर गेला, पण नाव कामाचं ते कामाचंच राहिलं. सरकारच्या कागदावर हे लोक विशेष दुर्बल आदिवासी. आपल्या आर्केस्ट्रातल्या प्रवेशात मात्र कातकरी हटकून झिंगलेला, हटकून चोरटा, आणि बोलतो ते बोल धड कातकरीही नसतात. समोर मांडीला मांडी लावून बसलेल्यांत कातकरी कुणी नसतो. तो मंडपाच्या मागं उभा असतो.

गुरख्याचा विनोद मात्र थोडा खणायला पाहिजे, कारण खाली आपलीच हाडं सापडतात.

१८१४ ते १८१६ इंग्रज नेपाळशी लढले. गुरखे कडवे निघाले म्हणून १८१५ पासून त्यांनाच आपल्या पलटणीत घ्यायला सुरुवात झाली. १८५७ नंतर साहेबानं यावर शास्त्रच रचलं. हिंदुस्थानात काही जाती जन्मानं लढाऊ, बाकीच्या जन्मानं बिनलढाऊ. गुरखा, शीख, पठाण लढाऊ. आणि महार? १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात लढलेला, कंपनीच्या पलटणीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला महार एका रात्रीत बिनलढाऊ झाला. १८९२ च्या सुमाराला महारांची भरती बंद. आपल्याच जिल्ह्यातल्या, महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पलटणीतून पेन्शनीत आलेले, त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात नड पडली तेव्हा महार पलटण उभी केली, लढाई संपल्यावर मोडून टाकली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं.

म्हणजे एकच वही. तिच्या एका पानावर गुरखा : शूर, इमानी, भोळा. दुसऱ्या पानावर महार, आणि त्यावर काट. आज स्टेजवर जो गुरखा काठी आपटत, शिट्टी फुंकत, सगळ्या गोष्टी उशिरा कळणारा असा येतो, तो त्या पहिल्या पानावरूनच उठून आलेला आहे. त्या पानाला टाळ्या द्यायच्या तर दुसरं पानही कबूल करावं लागेल. लिहिणारा हात एकच होता.

बरं, राखणदार ही काय नेपाळची पैदास आहे? आपल्या गावात वेशीवर रात्रभर कोण जागत होतं? वेसकर महार. त्याच्या हातात काठी होती, त्याचीही नक्कल होत होती, आणि राखण याच्या रक्तातच आहे असं त्याच्याही बाबतीत बोललं जात होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं ते हे रक्त धुऊन काढायला. वतन कायद्यानं जायला १९५८ उजाडलं. आता नेरळपासून चौकपर्यंत फार्महाऊसांची गेटं झाली आहेत. कित्येक गेटांवर डोंगरातलं शेत पुरत नाही म्हणून बायकापोरांसकट उतरलेला नेपाळी आहे. वेसकराची जागा रिकामी होती, ती त्याला मिळाली. भाकर मागण्याऐवजी पगार मिळतो एवढाच काय तो फरक. वेसकराच्या नातवानं त्याच्यावर हसावं हे मला बघवत नाही, बाकी कुणी हसलं तर मी समजू शकतो.

आता एक गाजलेली कलाकृती घेऊ. 'पडोसन', १९६८. त्यात मेहमूदनं मद्रासी संगीत मास्तर केलाय. मेहमूद जबरदस्त नट, त्यात वादच नाही. सगळा भारत त्या मास्तरच्या शेंडीला, उच्चाराला, मुरकण्याला हसला. पण गोष्ट काय आहे ती नीट बघा. नायिकेला गाणं आवडतं. मास्तरला गाणं येतं. नायकाला गाणं येत नाही. नायक नुसते ओठ हलवतो, मागं लपून त्याचा दोस्त गातो. म्हणजे फसवणूक करणारा कोण आणि गुणी कोण? तरीही आपण नायकाच्या बाजूनं बसतो, कारण गुणी माणूस लुंगीत आहे आणि लबाड माणूस आपल्यासारखा बोलतो. मास्तरचं ज्ञान आपल्या डोळ्यासमोर आहे, पण हसण्याच्या दणक्यात ते दिसत नाही. या विनोदाची खरी ताकद ही आहे. तो माणसाला दुखावतो की नाही हे नंतर बघू. आधी तो त्याचा गुण गायब करतो. एकलव्याचा अंगठा निदान मागून तरी घेतला होता.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? 'मार्मिक' १९६० च्या ऑगस्टात निघालं, व्यंगचित्रांचं साप्ताहिक. हसवणारं. पुढं त्यातच ऑफिसांमधल्या दक्षिणी नावांच्या याद्या छापून यायला लागल्या, वर मथळा 'वाचा आणि थंड बसा'. १९ जून १९६६ ला शिवसेना झाली, आणि पुंगी वाजवून लुंगी हटवायची घोषणा रस्त्यावर आली. उडप्यांची हॉटेलं फुटली. घोषणेकडं जरा कवी म्हणून बघा. यमक आहे, ठेका आहे, चेष्टा आहे. ती विनोदच होती, दगड हातात घेतलेला विनोद. याच सुमाराला शाहीर साबळ्यांचं 'आंधळं दळतंय' गाजलं. मुंबईत मराठी माणूस कसा मागं रेटला जातोय ही त्यातली कळ खरी होती. साबळे मोठा शाहीर, त्यांच्या पहाडी गळ्याला माझा सलाम. पण दळणारं आंधळं आणि पीठ खाणारं कुत्रं एवढं ठरल्यावर, कुत्रं कोण हे लोकांनी आपल्या मनानं ठरवलं, आणि बोट गेलं टायपिंग करणाऱ्या कारकुनाकडं.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. आपल्या भागातल्या किती घरांत त्या संपानं चूल थंड केली ते म्हाताऱ्यांना विचारा. त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्या जमिनीवर मॉल आणि टॉवर आले. यात लुंगीवाला टायपिस्ट कुठं होता? कुलूप लावणारे मालक लुंगी नेसत नव्हते. त्याच्याही आधीची गोष्ट सांगतो. गिरणीत आपल्या माणसाला साच्यावर घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि आपल्या तोंडानं तो बाटायचा. पगार तिथं जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढं टाकला. साच्यावर येऊ न देणारा मद्रासी नव्हता. तो आपल्याच गावचा, आपल्याच बोलीत बोलणारा होता. यावर कुणी व्यंगचित्र काढलं असेल तर मला बघायला आवडेल.

पु. ल. देशपांड्यांबद्दल बोललं नाही तर काही मित्र म्हणतील घाबरला. पु.ल. मला आवडतात. मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावरचं त्यांचं ते कथाकथन ऐकून कुणी हसला नाही तर त्याला डॉक्टरकडं न्यावं. पण ऐकताना एक मोजा. पुणेकरावर हसायचं ते त्याच्या ताठ्यावर, ठाम मतांवर, कंजूष पाहुणचारावर. म्हणजे त्याच्या खोडीवर. तो पोटासाठी काय करतो याच्यावर हसू नाही. आणि हा पुणेकर कुठला? भवानी पेठेतला नाही, ताडीवाला रोडवरचा तर नाहीच. पुण्यात बोहारीण आहे, हमाल आहे, झाडूवाली आहे, पण पुणेकर म्हटल्यावर त्यातलं कुणीच डोळ्यासमोर येत नाही. वरच्याची खोड आणि खालच्याचं काम, असे दोन विनोद आहेत. पहिल्या विनोदातून माणूस लाडका होऊन बाहेर पडतो. 'आम्ही असेच बरं का!' असं तो छाती काढून सांगतो. दुसऱ्या विनोदातून कुणी छाती काढून बाहेर आलेला मी पाहिला नाही.

हे जगभर असंच चाललंय. अमेरिकेत 'सिम्पसन्स' नावाची कार्टून मालिका आहे. तिच्यात १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार होता, त्याचा आवाज एक गोरा नट काढायचा. त्या आवाजावर तिथल्या शाळांमधून आपल्या देशाच्या पोरांची चेष्टा व्हायची. हरी कोंडाबोलू या विनोदवाल्यानंच २०१७ साली त्यावर माहितीपट केला, आणि २०२० साली त्या नटानं तो आवाज काढणं थांबवलं. इथल्या बऱ्याच लोकांनी तेव्हा मान डोलावली. बरोबर आहे, अपमानच होता तो. मग इथं नेपाळ्याचा आवाज कोण काढतो?

कुणी म्हणेल, जोतिबांनीही तेच केलं. 'तृतीय रत्न'मध्ये, १८५५ साली, जोशाच्या धंद्याची चामडी सोलली. ते काम नव्हतं काय? होतं. पण जोशी गरोदर कुणब्याच्या बायकोला ग्रहांची भीती घालून लुटत होता. त्यानं दुसऱ्याला जे केलं त्यावर विदूषक बोलतो. गुरखा, भैया, भांडीवाली यांना जे करावं लागतं त्यावर आजचा विदूषक बोलतो. एक माणूस करतो, दुसऱ्याला करावं लागतं, यातला फरक ज्याला कळत नाही त्यानं हातात मिशा आणि टोपी घेऊ नये. आपल्या तमाशातला सोंगाड्या बघा. कलावंत महार-मांगाचा, समोर राजा किंवा पाटील, आणि टोला नेहमी वर. आंबेडकरी जलशांनी तोच सोंगाड्या घेतला आणि त्याला भट-सावकाराशी भिडवला. ही आपली शाळा. तिथं शिकलेल्यानं खालच्यावर हात टाकायचं कारण नाही.

पण टाकतो. खालापूर तालुक्यातल्या एका वस्तीत १४ एप्रिलच्या रात्री पोरांनी प्रवेश बसवला होता. खांद्यावर गमछा, कपाळावर टिळा, पाणीपुरीवाला भैया. तो पाण्यात घाणेरडा हात घालतो, पोरं त्याला पळवून लावतात, टाळ्या. माझ्या बाजूला आमच्या कागदाच्या मिलमधला एक जण बसला होता. पल्पच्या खात्यात माझ्याबरोबर शिफ्ट करतो. जयंती म्हणून पांढरा शर्ट घालून आला होता. तो उत्तर प्रदेशातल्या आंबेडकर नगर जिल्ह्याचा. होय, असा जिल्हा आहे, १९९५ साली मायावतींच्या सरकारनं केलेला. बाबासाहेबांच्या नावाच्या जिल्ह्यातला माणूस, जातीनं तिकडचा चमार, बाबासाहेबांच्या जयंतीला आमच्या मंडपात, आणि स्टेजवर भैयाला हाणतायत. प्रवेश संपल्यावर बोलला, 'हमारे यहाँ भी जयंती में नाटक होता है।' मी विचारलं, त्यात कोण असतं? बोलला, 'ठाकुर।' मग चहा प्यायला गेलो.

पोरांशी दुसऱ्या दिवशी बोललो. त्यांचं म्हणणं, भैये आपलं काम खातात. हे बोलणं मी टाळत नाही. कंत्राटदार त्यांना कमी रोजावर आणतो, आपल्या पोराला गेटवरूनच परत पाठवतो, ही गोष्ट खरी आहे. मग प्रवेशात कंत्राटदार का नव्हता? पोरं गप्प. एक जण बोलला, 'तो वर्गणी देतो.' झालं. ओसरी सापडली.

२००८ च्या ऑक्टोबरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना मुंबई-कल्याणच्या बाजूला मारलं. विनोदानं मारलं असं मी म्हणत नाही, मारणाऱ्यांनी मारलं. पण ज्याला मारायचं त्याचं नाव, गाव, जात, परीक्षेचा अभ्यास, आईनं बांधून दिलेला सत्तू, हे सगळं आधीच कुणीतरी पुसून ठेवलेलं असलं की हात उचलायला सोपं जातं. भैया एवढंच उरलेलं असतं.

म्हणून बंदी घाला म्हणतोय का? मुळीच नाही. स्वातंत्र्य मिळाल्याबरोबर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती, अश्लील म्हणून. पोट कुणाचं मारलं गेलं? महार, मांग, कोल्हाट्याचं. बंदीची काठी बनते वर, आणि पहिली बसते आपल्याच पाठीवर. नक्कल करा, झक्कास करा. बोलीची गंमत असते, ती मलाही कळते. आगऱ्याची बोली, ठाकराची बोली, घाटावरची बोली, यांची मिसळ करून आपल्याकडं रात्र रात्र हसतात. माझं म्हणणं एवढंच की स्टेजवर नेपाळी आला तर त्याला नाव असू द्या, घर असू द्या, आणि शेवटचं वाक्य एखाद वेळेस त्याला बोलू द्या.

पुढच्या जयंतीसाठी वस्तीतली पोरं आता फार्महाऊसवरचा प्रवेश बसवतायत. गेट आहे, वॉचमन नेपाळीच आहे, त्याच्याकडं येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायची वही आहे. नेपाळी करायला चार जण भांडतायत. मालक करायला कुणी तयार नाही. तो कसा चालतो, कसा बोलतो, त्याची नक्कल नेमकी कशाची करायची, हेच कुणाला सांगता येत नाही.